खाडीच्या तोंडाशी

किल्ला म्हटला की मराठी माणसाची मान आपोआप वर जाते. सह्याद्रीने ती सवय लावली आहे. कोकणातला किल्ला म्हटला तर नजर पाण्याकडे वळते आणि सुवर्णदुर्ग, सिंधुदुर्ग, जंजिरा डोळ्यांपुढे येतात. डहाणूचा किल्ला या दोन्ही चित्रांत बसत नाही. तो डोंगरावर नव्हता, समुद्रातही नव्हता. डहाणूच्या खाडीच्या उत्तर काठावर, गावाच्याच पातळीला त्याने जागा धरली होती. पोर्तुगीजांनी तो राखला, मराठ्यांनी घेतला, पुढे त्याच्या आत सरकारी कचेरी आली, तुरुंग आला. तटाचा काही भाग अजून आहे, पण एखाद्या जुन्या सरकारी आवाराची भिंत असावी तसा तो दिसतो आणि माणसे त्याच्याजवळून कामाला निघून जातात. दगड राहिले, किल्ला गेला.

या पुस्तकाचा विषय हा गेलेला किल्ला आहे, आणि त्याच्या दोन्ही अंगांना पसरलेली, त्याच्याइतकीच विसरली गेलेली ठाणी. दक्षिणेला तारापूर, शिरगाव, माहीम, केळवे; उत्तरेला उंबरगाव, नारगोळ, संजाण आणि शेवटी दमण. एकेकटे पाहिले तर यांतले बहुतेक किल्ले किरकोळ वाटतात. दुर्गप्रेमी एका सकाळीत दोन-तीन उरकतात आणि ‘पाहण्यासारखे फारसे काही नाही’ अशी नोंद करून परततात. हे किल्ले सुटे पाहण्यासाठी बांधलेलेच नव्हते. वसईपासून दमणपर्यंतच्या किनाऱ्यावर जिथे जिथे खाडी किंवा नदी समुद्राला मिळते, तिथे तिथे एक ठाणे, असा तो बेत होता. त्यातले एक काढून घेतले की दोन्ही बाजूंची दोन उघडी पडत. म्हणून डहाणूचा किल्ला समजून घ्यायचा तर तटबंदी मोजून भागत नाही. आधी खाडी वाचावी लागते.

उधाणाच्या भरतीला डहाणूची खाडी काठोकाठ भरते. ओहोटी लागली की तिवरांच्या मुळ्या उघड्या पडतात, मधल्या पात्रात पाण्याची एक अरुंद वाट राहते आणि चिखलात होड्या कुशीवर कलंडून पडतात. आजच्या जहाजाच्या कप्तानाला हे बंदर म्हणून दाखवले तर तो मान हलवील. शिडाच्या काळात मात्र नेमका हाच उथळपणा कामाचा होता. गलबते, मचवे, पडाव यांची बुडे फार खोल नसत. तांडेलाला भरतीची वेळ आणि वाळूच्या दांड्याची जागा ठाऊक असली की तो भरतीबरोबर आत येई आणि पाणी ओसरले की निर्धास्त होई, कारण खोल बुडाचे शत्रूचे जहाज त्याच्या मागे येऊ शकत नसे. आत येण्याची वाट एकच, तीही अरुंद. तिच्या काठावर चार तोफा आणि थोडी शिबंदी ठेवली की सगळे बंदर मुठीत. लहान किल्ला पुरे होत होता तो यामुळे.

‘आरमाराचे बंदर’ हे शब्दही त्या काळाच्या मापाने घ्यायला हवेत. तीन डोलकाठ्यांची मोठी जहाजे इथे नांगर टाकून राहत नव्हती. पोर्तुगीजांचा या किनाऱ्यावरचा खरा आधार वल्ह्यांनी आणि शिडांनी चालणाऱ्या हलक्या लढाऊ नौका हा होता. गोव्याहून खंबायतेकडे व्यापारी गलबतांचे तांडे जात, त्यांना काफिला म्हणत, आणि त्यांच्या सोबतीला या नौका असत. रोज संध्याकाळी कुठेतरी आडोसा हवा, गोडे पाणी हवे, जळण हवे, तुटलेली काठी बदलायला लाकूड हवे. शिवाय पोर्तुगीजांचा परवाना, म्हणजे कारतास, जवळ नसलेले गलबत त्यांच्या लेखी पकडण्याजोगे होते. परवाना तपासायला, जकात घ्यायला आणि पकडलेला माल उतरवायला खाडीच्या तोंडाशी असलेले ठाणे सोयीचे पडे. समुद्रावरची सत्ता म्हणून आपण ज्या गोष्टीचे वर्णन करतो, तिचा रोजचा व्यवहार अशा ठाण्यांत चालत असे.

इतके सांगून मी पोर्तुगीजांच्या आगमनापासून गोष्ट सुरू करू शकलो असतो. बहुतेक लेखक तेच करतात. पण या किनाऱ्याच्या बाबतीत ते अन्यायाचे होईल, कारण डहाणूच्या नदीचे नाव पोर्तुगीज येण्याच्या सुमारे चौदाशे वर्षे आधी दगडावर कोरले गेले आहे.

नाशिकच्या त्रिरश्मी डोंगरावर दहाव्या क्रमांकाचे लेणे आहे. क्षहरात क्षत्रप नहपान याचा जावई उषवदात याने ते कोरवून घेतले. ओसरीत त्याचा लेख आहे, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातल्या पहिल्या दशकांमधला. त्यात त्याने केलेल्या दानांची यादी आहे. गाई दिल्या, घाट बांधले, गावे दिली. आणि मग नद्यांची नावे येतात : इबा, पारादा, दमणा, तापी, करबेणा, दाहनुका. पारादा म्हणजे पारडीजवळची पार, दमणा म्हणजे दमणगंगा, आणि दाहनुका म्हणजे आपली डहाणूची नदी. या सहा नद्यांवर उषवदाताने पुण्यार्थ नावा ठेवल्या, म्हणजे पैलतीरी जाणाऱ्याला भाडे पडणार नाही अशी सोय केली. तेवढ्यावर तो थांबला नाही. दोन्ही काठांवर बसायला सभा आणि प्यायला पाणपोया उभारल्या. ही नदी जिने पाहिली आहे आणि जी पावसाळ्यात पलीकडे जायला खोळंबली आहे, अशा कोणत्याही बाईला या दानाची किंमत समजावून सांगावी लागणार नाही. त्याच लेखात नानंगोल गावची बत्तीस हजार नारळाची झाडे दान दिल्याचा उल्लेख आहे. नानंगोल म्हणजे नारगोळ, असे अभ्यासक मानतात. नारगोळला आजही माडांच्या राया आहेत.

दुसरा पुरावा डहाणू तालुक्यातल्याच चिंचणीचा. १९५५ साली तिथे ताम्रपट सापडले. त्यांतला सर्वांत जुना शके ८४८ चा, म्हणजे इसवी सन ९२६ चा, राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या कारकिर्दीतला. तेव्हा संयान मंडलाचा, म्हणजे संजाण प्रांताचा, कारभार मधुमती नावाच्या ताजिक अधिकाऱ्याकडे होता. ताजिक म्हणजे अरब, आणि मधुमती हे मुहम्मद या नावाचे संस्कृत रूप. राष्ट्रकूट राजा दुसरा कृष्ण याने त्याला हा प्रांत दिला होता. ताम्रपट सांगतो की त्याने आपल्या धन्यासाठी आसपासच्या सगळ्या बंदरांच्या नायकांना जिंकले आणि तिथे आपली माणसे बसवली. खाडीच्या तोंडाशी ठाणे बसवण्याची कल्पना युरोपातून आलेली नाही, हे या ओळींवरून स्पष्ट होते.

पण त्याच ताम्रपटात पुढे काय आहे ते पाहण्यासारखे आहे. या अधिकाऱ्याने दोन नद्यांवर फुकट नाव चालवली, आणि संजाणला अन्नसत्र घातले. तिथे साळीचा भात, कालवणे आणि तूप विनामूल्य मिळे. अन्नैया नावाच्या ब्राह्मणाने संजाणला मठिका बांधली होती. तिची डागडुजी, देवीचा नैवेद्य आणि नऊ जणांचे भोजन चालावे म्हणून एक गाव आणि शिवाय जमीन दिली गेली. अरब अधिकारी, कानडी मुलखातला राजा, कोकणातली देवी. शंभर वर्षांनी, १०३४ सालच्या ताम्रपटात याच परंपरेतल्या मठिकेला तेलाचा घाणा लावून दिलेला आढळतो. तेल कशासाठी? देवीपुढच्या दिव्यासाठी, आणि येणाऱ्या विद्वानांच्या पायांना चोळण्यासाठी. लांबून चालत येणाऱ्याचे पाय दुखतात, याची जाण एका राजकीय दस्तऐवजात नोंदली गेली आहे.

मला या दोन लेखांपाशी थांबावेसे वाटते, कारण सगळ्या विषयाकडे पाहण्याची दिशा ते बदलतात. उषवदात आणि मधुमती यांच्यात आठशे वर्षांचे अंतर आहे. धर्म वेगळा, घराणे वेगळे, भाषा वेगळी. तरी या किनाऱ्यावर सत्ता मिळाल्यावर दोघांनीही लोकांना पाणी ओलांडून देण्याची सोय केली आणि ती अभिमानाने कोरून ठेवली. खाडी ही अडवण्याची जागा आहे तशी ती पार होण्याची जागा आहे. किल्ल्यांचा इतिहास लिहिताना पहिली बाजू आपोआप लिहून होते, दुसरी राहून जाते. ती या पुस्तकात राहू नये, अशी माझी खटपट आहे.

पोर्तुगीज काळाकडे आता येऊ. गुजरातच्या बहादूरशहाने १५३४ च्या डिसेंबरात वसई आणि तिच्याखालचा मुलूख त्यांना तोडून दिला. दमण कायमचे हाती आले ते १५५९ मध्ये. या दोन मोठ्या ठिकाणांच्या मधला किनारा सांभाळणे मग ओघानेच आले. डहाणू, तारापूर, संजाण ही ठाणी दमणच्या अमलाखाली होती. धोका नुसता समुद्रातून नव्हता. १५८२ च्या सुमारास अकबराच्या गुजरातेतल्या सरदारांनी दमणच्या मुलखावर चाल केली, ती जमिनीवरून. आणि पूर्वेचा डोंगर तर कायमचा शेजारी. डहाणूपासून आत जावे तसा मुलूख चढत जातो. गंभीरगड डहाणू तालुक्यात, बल्लाळगड तलासरीत काजळीजवळ. या डोंगरांवर जव्हारच्या कोळी राजांचा आणि रामनगरच्या राजांचा वावर. रामनगर म्हणजे आजचे धरमपूर. दमणच्या गावांना त्रास देऊ नये म्हणून पोर्तुगीज रामनगरच्या राजाला चौथ भरत. समुद्रावर कारतासाशिवाय कुणाला फिरकू न देणारी सत्ता डोंगराकडे पाहून दरवर्षी पैसे मोजत होती, ही गोष्ट किनाऱ्यावरच्या तटांचा अर्थ लावताना विसरता येत नाही.

१६७२ मध्ये मोरोपंत पिंगळ्यांनी जव्हार आणि रामनगर घेतले. शिवाजी महाराजांनी लगेच दमणकडे मागणी केली : रामनगरचे राज्य आमचे, तेव्हा चौथही आमची. पोर्तुगीजांनी उत्तर लांबणीवर टाकले, पण मागणीतला मुद्दा त्यांना नाकारता आला नाही. चौथ हा शब्द पुढे मराठ्यांच्या राजकारणात केवढा मोठा झाला ते सर्वांना ठाऊक आहे. त्याची एक जुनी मुळी या तलासरी-धरमपूरच्या रानात आहे.

पोर्तुगीजांकडून वसई घेण्याच्या मराठ्यांच्या मोहिमेविषयी मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. य. न. केळकरांचे पुस्तक अजूनही वाचावे असे आहे. त्यामुळे तिची सबंध कथा इथे सांगत नाही. डहाणूच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे तो १७३९ चा जानेवारी महिना. १७३७ च्या मार्चात मराठ्यांनी ठाणे शहर घेतले तरी वसई पडत नव्हती. चिमाजी अप्पांनी मग उत्तरेकडची साखळी तोडायला घेतली, म्हणजे दमणहून वसईला येणारी जमिनीची वाट बंद व्हावी. माहीम, केळवे, शिरगाव, डहाणू, उंबरगाव, नारगोळ अशी ठाणी एकामागून एक पडली. सगळ्यांत कडवी झुंज तारापूरला झाली. सुरुंग लावून तट फोडावा लागला, आणि बाजी भिवराव रेठरेकर तिथे गोळी लागून पडला. बाजीराव पेशव्यांचा तो लहानपणापासूनचा जिवलग. आतल्या पोर्तुगीजांनीही शर्थ केली, आणि मराठ्यांनी पत्रांतून ते मोकळ्या मनाने कबूल केले. मे महिन्यात वसई हाती आली. डहाणूच्या वाट्याला तारापूरसारखे रणकंदन आले नाही, म्हणून त्याचे नाव बखरींत आणि शाळेच्या पुस्तकांत मागे पडले. माझ्या मते ते चूक आहे. साखळी तुटली ती सगळ्या कड्या निखळल्या म्हणून, नुसत्या एकीवर घाव बसला म्हणून नव्हे.

डहाणूचा किल्ला हरवायला सुरुवात झाली ती या विजयानंतरच. वसई हे पेशव्यांच्या आरमाराचे ठाणे झाले. दोन्ही बाजूंचा किनारा आपलाच झाल्यावर मधल्या किल्ल्यांचे लढाऊ काम सरले. राहिले ते वसुलीचे. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि कॅप्टन डिकिन्सन या इंग्रज इंजिनिअरने कोकणातले किल्ले पाहून कोणता ठेवावा, कोणता पाडावा याचा अहवाल दिला. डोंगरी किल्ल्यांवर सुरुंग चालले. गावातल्या किल्ल्यांचे वेगळे झाले. ते उपयोगी इमारती होत्या, म्हणून वापरात आले आणि वापरता वापरता बदलून गेले. तारापूरचा किल्ला विकाजी मेहेरजी या पारशी सावकाराच्या घराण्याकडे गेला. तारापूरचेच हे लोक, हैदराबादेत निजामाच्या सरकारला कर्ज देण्याइतकी मोठी त्यांची पेढी. त्या किल्ल्याच्या आत वाडी झाली. डहाणूच्या किल्ल्यात कचेरी झाली.

शेवटचा फटका आगगाडीचा. १८६४ मध्ये बॉम्बे बडोदा रेल्वे मुंबईला पोचली. डहाणू रोड स्टेशन खाडीकाठच्या गावापासून आत पडले, आणि बाजारपेठ, लाकडाच्या वखारी, गवताचा व्यापार, पुढे चिकूच्या पेट्या, सारे रुळांकडे सरकले. पूर्वी खाडीतून जाणारा साग आणि ऐन वाघिणीतून जाऊ लागला. १८८२ च्या ठाणे गॅझेटियरमध्ये डहाणू बंदर म्हणून नोंदलेले आहे, पण तोवर त्या बंदरापुढे पडद्यासारखी रेल्वे आली होती.

या किनाऱ्याच्या कागदपत्रांत एक मोठी उणीव आहे आणि ती वाचकाने मनात धरून पुढे जावे. राज्य करणाऱ्यांनी लिहिले, चढाई करणाऱ्यांनी लिहिले, जकात घेणाऱ्यांनी लिहिले. किनाऱ्यावर मांगेला आणि माच्छी, वाड्यांत वाडवळ, रानात वारली, दुबळा, धोडिया ही माणसे या सगळ्या काळात इथेच होती. त्यांची नोंद कर भरणारे आणि वेठीला धरलेले म्हणून येते. १९४५ साली तलासरीजवळ झरीला वारली जमले आणि वेठ करणार नाही असे त्यांनी ठरवले. गोदावरी परुळेकरांनी तो लढा आतून पाहून लिहिला. त्यामुळे इथल्या माणसाचा स्वतःचा आवाज कागदावर आला, पण तो विसाव्या शतकात. त्याआधीच्या शतकांसाठी आपल्याला गावदेवांच्या जागा, जाळ्यांच्या ठरलेल्या हद्दी, होडी शाकारून ठेवण्याच्या जागा, शिवारांची नावे यांवरून वाट काढावी लागते. पुढच्या प्रकरणांत हे साहित्य तटबंदीच्या वर्णनाइतक्याच जागेवर आले आहे, ते मुद्दाम.

दुसरी अडचण सरहद्दीची. १ मे १९६० ला मुंबई राज्य दुभंगले तेव्हा जुना उंबरगाव तालुकाही दुभंगला. उंबरगाव, संजाण, नारगोळ गुजरातेत गेले. तलासरीचा भाग महाराष्ट्रात राहिला, आणि समुद्राला लागून त्याच्या वाट्याला आले झाईसारखे कोळीवाड्याचे गाव. तेव्हापासून आपल्याकडच्या यादीत डहाणूनंतर किनारा संपतो आणि गुजरातेतल्या यादीत तो उंबरगावपासून सुरू होतो. झाईची होडी ही रेघ पाळत नाही, इतिहासकार मात्र पाळतात. संजाणशिवाय डहाणू लिहिता येत नाही. पारशांचे संजाण आणि त्यांच्या पवित्र अग्नीला आसरा देणारी बाहरोटची गुहा यांच्यामध्ये आज राज्यांची सीमा आहे, पण तो एकच मुलूख आहे.

हा विषय आत्ताच का, असे कोणी विचारील. डहाणूच्या दक्षिणेला, याच तालुक्यात, वाढवण आहे. तिथे बांधायच्या बंदराला केंद्रीय मंत्रिमंडळाने १९ जून २०२४ ला मंजुरी दिली आणि ३० ऑगस्टला पायाभरणी झाली. खर्चाचा अंदाज ७६,२२० कोटी रुपये. समुद्रात भराव १,४४८ हेक्टर. प्रत्येकी हजार मीटर लांबीचे नऊ कंटेनर धक्के. किनाऱ्याजवळच वीस मीटरच्या आसपास नैसर्गिक खोली मिळते म्हणून ही जागा निवडली गेली. जुन्या बंदराला उथळ पाणी हवे होते, नव्याला खोल. १९९१ मध्ये डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर झाला होता, १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने त्यासाठी वेगळे प्राधिकरण नेमले गेले, आणि त्याच प्राधिकरणाने २०२३ मध्ये बंदराला परवानगी दिली. मच्छीमारांचा विरोध आहे, आणि तो मला रास्त वाटतो, कारण ज्या खडकाळ उथळ पट्ट्यात मासळी वाढते तोच पट्टा भरावाखाली जाणार आहे. वाढवणजवळ समुद्रात शंखोदर हे श्रद्धास्थान आहे. लोक तिथे अस्थी विसर्जित करतात. कोणत्याही किल्ल्याच्या यादीत ते नाही, पण या किनाऱ्याच्या इतिहासात त्याचे स्थान तटबंदीपेक्षा कमी नाही.

रस्ते रुंद होतील, जमिनींचे भाव चढतील, आणि जुने दगड आणखी हलतील. तेव्हा काही कामे आत्ताच व्हायला हवीत. डहाणूच्या उरलेल्या तटाचे मोजमाप आणि छायाचित्रे. आजूबाजूच्या घरांत आणि विहिरींत बसवलेल्या घडीव दगडांची नोंद. खाडीच्या तोंडाचा जुन्या आणि नव्या नकाशांवरून अभ्यास. पेशवे दफ्तरातले मोडी कागद आणि आंतोनियू बोकारू याने १६३५ मध्ये पोर्तुगीज ठाण्यांचे केलेले वर्णन शेजारी ठेवून वाचणे. आणि ज्यांनी पावसाळ्याखेरीज सगळे आयुष्य पाण्यावर काढले त्या वृद्ध तांडेलांकडून खाडीच्या वाटा, दांडे आणि खडक यांची नावे लिहून घेणे. यांतले शेवटचे काम सर्वांत निकडीचे. दगड आणखी पन्नास वर्षे थांबतील, ही माणसे थांबणार नाहीत.

पुढचे पहिले प्रकरण म्हणून किल्ल्याचे नाही, खाडीचे आहे.